माउस काकूंच्याच हातात राहू द्या

संपादक साहेब, नमस्कार.

पत्र जरा लांब होणारे, कापायचं तर खुशाल कापा, पण खाली फॉरमॅटबद्दल जे लिहिलंय तेवढं ठेवा. मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये मेंटेनन्सला होतो (प्रेस म्हटलं की लोक पहिलं विचारतात नोटा किती छापल्या, मी बापडा मोटारी आणि बेअरिंग बघायचो), रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, आता इंदिरानगरला असतो आणि दर रविवारी सकाळी चहा-पोहे झाले की आमच्या हॉलमध्ये चार-पाच ज्येष्ठ मंडळी कॉम्प्युटर शिकायला येतात. क्लास वगैरे काही नाही, फी नाही, बोर्ड नाही. सुरुवात झाली ती एका सीडीवरून.

आमच्या बिल्डिंगमधले एक काका, वय ७६. पाठ दुखते म्हणून एमआरआय काढला, सेंटरवाल्यांनी फिल्मसोबत एक सीडी दिली. मुलगा पुण्याला, तो फोनवर म्हणाला पप्पा सीडीतलं मला पाठवा, मी इकडच्या डॉक्टरांना दाखवतो. काकांनी सीडी टाकली, ड्राइव्ह जरा घरघरला आणि पुढे शांत. काढली, धोतराच्या सोग्याने गोल गोल पुसली (हे चुकीचं, सीडी मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल पुसलं की ओरखडा ट्रॅकच्या दिशेनेच जातो आणि मग ड्राइव्हला वाचता येत नाही), परत टाकली, परत शांत. मग बिचारे रिक्षा करून सेंटरवर गेले, तिथल्या पोराने लावून दाखवली तर व्यवस्थित चालते. म्हणजे दोष घरच्या ड्राइव्हचा असं ठरलं, दुकानात नेलं तर दुकानदाराने न उघडताच सांगितलं ड्राइव्ह गेलाय, बाहेरून लावायचा नवीन घ्या.

मी जाऊन बघितलं तर ड्राइव्हला काही धाड भरली नव्हती. झालं काय होतं, दिवाळीत भाचा आला होता, त्याला सीडी-पेनड्राइव्ह लावला की कोपऱ्यात ती चौकट येते त्याची कटकट वाटली म्हणून त्याने ऑटोप्लेमध्ये (काही लावलं की काय करायचं ते ठरवणारं सेटिंग) जाऊन सगळीकडे 'टेक नो अॅक्शन' करून टाकलं, म्हणजे काहीही घातलं तरी गप्प बस. आणि भाचेबुवा गेले मुंबईला. कॉम्प्युटर आपला सांगितल्याप्रमाणे गप्प बसला होता.

मी काय केलं, खुर्ची ओढली, काकांना म्हटलं सरका जरा, आणि टकाटक चार क्लिक मारून ते परत 'आस्क मी एव्हरी टाइम' करून दिलं. अर्धा मिनिट. काका म्हणाले वा वा. चहा झाला. आणि पुढच्या आठवड्यात काका परत दारात, या वेळी काकूंच्या भजनांची सीडी घेऊन, कारण मी काय केलं ते त्यांना कळलंच नव्हतं, त्यांच्या लेखी मी भगताने अंगारा फुंकावा तसं काहीतरी फुंकून गेलो होतो. भाच्याने जे केलं तेच मी केलं की हो. त्याने बंद करून दिलं, मी चालू करून दिलं, पण दोघांनीही माउस त्यांच्या हातातून काढून घेतला.

प्रेसला आम्ही नवीन पोराला असं शिकवायचो नाही. पाना त्याच्या हातात द्यायचा आणि आपण हात मागे बांधून उभं राहायचं, नट सैल राहिला तर राहू दे, मशीन फिरलं की त्यालाच आवाज येतो. तेच इथे का सुचलं नाही कुणास ठाऊक. वय झालेल्या माणसाला शिकवताना आपल्याला घाई फार होते बघा. आणि ती घाई त्यांना दिसते. मग ते म्हणतात असू दे रे, तूच करून दे.

तर रविवारचा नियम असा ठेवला की माउसला मी हात लावायचा नाही. बोट सुद्धा स्क्रीनकडे दाखवायचं नाही, तोंडाने सांगायचं. पहिल्या रविवारी ऑटोप्लेच घेतलं. खाली शोधायच्या चौकटीत 'कंट्रोल पॅनल' टाइप करायचं, ते उघडायचं, त्यात 'ऑटोप्ले'. आता इथे एक गोम आहे जी मलाही आधी माहीत नव्हती. विंडोज १० आणि ११ मध्ये ते चाकाचं चित्र असलेलं सेटिंग्ज असतं ना, त्यातही ऑटोप्ले आहे, पण तिथे फक्त चालू-बंद आणि पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड एवढंच मिळतं. सीडी, डीव्हीडी, कोरी सीडी, गाण्यांची सीडी या सगळ्यांचं वेगवेगळं ठरवायचं तर जुन्या कंट्रोल पॅनलमध्येच जावं लागतं. तिथे लांबलचक यादी येते, प्रत्येकापुढे खाली बाण असलेली चौकट, आणि सगळ्यात खाली एक बटन आहे 'रिसेट ऑल डिफॉल्ट्स', म्हणजे भाच्याने कितीही उद्योग केलेले असले तरी एका बटनात सगळं पूर्वपदावर. हे बटन दाखवलं, म्हणजे सांगितलं, तेव्हा काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. ज्या वस्तूला परत मागे नेता येतं तिची भीती कमी होते, एवढं मला त्या दिवशी समजलं.

पंचवटीतून एक काकू येतात, ७२ वर्षांच्या, शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी वही आणली. त्यांची वही वाचण्यासारखी आहे. 'चाकाच्या चित्रात जायचे नाही, जुन्या पॅनलमध्ये जायचे.' 'उजवं बटन म्हणजे विचारणे, डावं बटन म्हणजे सांगणे.' हे दुसरं वाक्य मला इतकं आवडलं की आता मीच सगळ्यांना तसं सांगतो. खरंच आहे, उजवं बटन दाबलं की कॉम्प्युटर यादी पुढे करतो, नुसतं बघून घ्यायचं, काही बिघडत नाही. डावं दाबलं की हुकूम. त्यांना म्हटलं काकू तुम्ही पुस्तक काढा, तर म्हणाल्या आधी डबल क्लिक तर जमू दे.

आणि हा डबल क्लिक म्हणजे खरा अडथळा, सांगतो तुम्हाला. आमच्या ग्रुपमध्ये पाचपैकी तिघांना वाटत होतं की त्यांना कॉम्प्युटर जमत नाही, आणि कारण एवढंच की दोन क्लिकच्या मध्ये त्यांचा वेळ जास्त जायचा, बोटं आखडलेली, कुणाचा हात थरथरतो, मग फोल्डर उघडण्याऐवजी नाव बदलायची निळी पट्टी यायची किंवा फोल्डर ओढला जाऊन भलतीकडेच जाऊन पडायचा. कंट्रोल पॅनलमध्ये 'माउस' म्हणून आहे, त्यात डबल क्लिकचा वेग कमी करायची पट्टी आहे आणि शेजारीच एक फोल्डरचं चित्र असतं त्यावर तिथल्या तिथे करून बघता येतं. ती पट्टी डावीकडे सरकवली आणि एक आजोबा, वय ८१, ते म्हणाले अरे हे तर उघडलं! दोन वर्षं घरच्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या त्यांनी. तेही नको असेल तर एकदा क्लिक करून एंटर दाबायचं, तेच काम होतं. शिकवणाऱ्याने ड्राइव्ह-बिइव्हच्या आधी हे करावं, नाहीतर पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मग आली लग्नाची सीडी. ही प्रत्येकाच्या घरात आहे, बघा तुमच्याही कपाटात असेल. काकूंच्या मुलीचं लग्न २००४ सालचं, तेव्हा फोटोग्राफर व्हीसीडी द्यायचे, एका सीडीत सव्वा तासाच्या आसपास मावायचं म्हणून लग्नाच्या तीन सीड्या, हळद एक, लग्न एक, पंगत आणि पाठवणी एक. ती टाकली की आत फोल्डर दिसतात, त्यातला 'एमपेगएव्ही' नावाचा उघडायचा, आत 'डॅट' शेपटीची मोठी फाइल असते, तीच पिक्चर. व्हीएलसी नावाचा प्लेअर फुकट मिळतो, नारिंगी-पांढऱ्या शंकूचं चित्र असतं त्याचं, रस्त्याचं काम चालू असलं की ठेवतात ना तसा, त्यात ती चालते. डीव्हीडीचा पिक्चरही त्यातच लावा कारण विंडोज ८ पासून कॉम्प्युटरसोबत डीव्हीडी पिक्चर दाखवणारा प्लेअर येतच नाही, आणि लोक समजतात ड्राइव्ह खराब झाला. मग ती डॅट फाइल कॉपी करून हार्ड डिस्कवर घ्यायची. काकूंनी पाठवणीची सीडी लावली आणि दहा मिनिटं वर्ग बंदच होता, कारण त्यात त्यांचे मिस्टर होते आणि ते आता नाहीत. कुणी काही बोललं नाही. मी पोहे गरम करायला आत गेलो.

गाण्यांच्या सीडीचं मात्र उलटं आहे आणि इथे भलेभले फसतात. ८१ वाल्या आजोबांनी मोठ्या हौशीने नाट्यगीतांची सीडी स्वतः पेनड्राइव्हवर कॉपी केली, सगळे ट्रॅक दिसतायत, एक दोन तीन नंबर लावलेले, आणि गाडीत लावलं तर एकही वाजेना. कारण गाण्याच्या सीडीत कॉम्प्युटरला जे दिसतं ते गाणं नसतं, नुसती पाटी असते, गाणं कुठून सुरू होतं एवढं सांगणारी चिमूटभर फाइल. आजोबांनी पाट्या कॉपी करून नेल्या, घरं तिथेच. गाणी आणायची तर विंडोज मीडिया प्लेअरमधून 'रिप' करावी लागतात, आणि त्याच्या रिपच्या सेटिंगमध्ये आधी फॉरमॅट एमपी३ करून ठेवायचा, नाहीतर भलत्याच प्रकारात साठवतो आणि गाडीचा टेप परत मान हलवतो. हे एकदाच करायचं सेटिंग आहे. पण ते 'फॉरमॅट' शब्द ऐकूनच आजोबा दचकले.

त्यांचं दचकणं बरोबरच आहे हो. एकाच शब्दाचे दोन अर्थ. गाण्याचा फॉरमॅट म्हणजे नुसता प्रकार. आणि ड्राइव्हवर उजवं बटन दाबल्यावर यादीत जो 'फॉरमॅट' दिसतो तो म्हणजे पाटी पुसणे, आहे ते सगळं गेलं. पेनड्राइव्ह लावल्यावर कधी कधी स्क्रीनवर चौकट येते की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? माणूस घाबरून किंवा सभ्यपणे हो म्हणतो. नाही म्हणायचं! कॅन्सल. पेनड्राइव्ह काढायचा, दुसऱ्या खाचेत लावून बघायचा, तरी तेच आलं तर जाणत्याला दाखवायचा, त्यातलं बऱ्याचदा परत मिळतं. माझ्या ओळखीच्या एका बाईंचे २००३ च्या सिंहस्थाचे रामकुंडावरचे स्कॅन केलेले फोटो असेच एका 'येस'मध्ये गेले. साहेब, एवढा परिच्छेद ठेवाच.

आता ड्राइव्हच्या अक्षराचं. सी म्हणजे हार्ड डिस्क हे सगळ्यांना पाठ असतं पण सी पासूनच का सुरू होतं तर ए आणि बी ही अक्षरं पूर्वी फ्लॉपीसाठी होती, १.४४ एमबीची ती चौकोनी चकती, आजच्या मोबाइलमधला एक फोटो सुद्धा त्यात मावणार नाही. फ्लॉपी गेली पण तिची खोली तिच्याच नावावर राहिली, जुन्या वाड्यात असतं तसं. आमच्यातल्या एका रिटायर अकाउंटंट काकांच्या कॉम्प्युटरला दुकानात नवीन एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) बसवली, काम चांगलं झालं, वेग वाढला, पण सीडीचा ड्राइव्ह जो डी होता तो झाला एफ, आणि त्यांचा जुना शब्दकोशाचा प्रोग्राम डी मध्येच सीडी शोधत बसायचा. हे बदलायला स्टार्टच्या बटनावर उजवं क्लिक, यादीत 'डिस्क मॅनेजमेंट', खालच्या भागात सीडी-रॉम असं लिहिलेली ओळ असते तिच्यावर उजवं क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', मग 'चेंज', अक्षर निवडा, ओके. डी दुसऱ्या कुणी अडवला असेल तर तो यादीत येत नाही, आधी त्याला हलवावं लागतं. मध्ये एक इशारा येतो की या अक्षरावर अवलंबून असलेले काही प्रोग्राम चालणार नाहीत, सीडीच्या ड्राइव्हसाठी त्याला हो म्हणायला हरकत नाही. पण त्याच खिडकीत सी सुद्धा दिसतो आणि हार्ड डिस्कचे इतर लहान तुकडे दिसतात ज्यांना नावच नसतं, त्यांना रिकामं समजून हात लावायचा नाही. हे मी फक्त अकाउंटंट काकांना शिकवलं, बाकीच्यांना नाही. सगळ्यांना सगळं शिकवलंच पाहिजे असं काही नाही, ज्याला गरज त्याला.

तसंच ते रीजनचं. एका काकांच्या मुलीने अमेरिकेहून डीव्हीडी आणल्या, लावल्या तर कॉम्प्युटर म्हणतो रीजन बदला. जगाचे भाग पाडलेत डीव्हीडीवाल्यांनी, अमेरिका १, आपण ५. बदलता येतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये, पण फक्त पाच वेळा! पाचव्यांदा जिथे ठेवाल तिथेच कायमचा लॉक, विंडोज नवीन टाकलं तरी सुटत नाही. काकांनी दोनदा इकडून तिकडे केलंच होतं. त्यांना म्हटलं हे मोजून मिळालेले प्राण आहेत, जपून वापरा. खरं सांगू, मला हा नियमच पटत नाही, माणसाने पैसे देऊन घेतलेली चकती स्वतःच्या घरात कुठे बघायची हे कंपन्यांनी का ठरवावं, पण तो विषय वेगळा.

कुणी म्हणेल आता कोण सीडी वापरतं, नवीन लॅपटॉपला तर ड्राइव्हच नसतो. बरोबर आहे. पण सीड्या कुणाकडे आहेत? याच पिढीकडे. एमआरआयची सीडी अजूनही हातात देतातच, आणि लग्न, मुंजी, गेलेल्या माणसांचे आवाज सगळे त्या चकत्यांत अडकलेत. चकत्या काही अमर नाहीत, घरी लिहिलेली सीडी उन्हात, दमटपणात खराब होते, आणि वरून बॉलपेनने नाव लिहिलं तर आतला चकचकीत थर वरच्याच बाजूला असतो म्हणून तिथूनच मरते. दोन-चार वर्षांत काढून घेतलं नाही तर राहिलं.

आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ज्याला आपल्या कॉम्प्युटरचं एक साधं सेटिंग स्वतः बदलता येत नाही तो फोनवरच्या कुठल्याही गोड आवाजाला स्क्रीन उघडून देतो. मी कंपनीतून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड आहे, हे अॅप टाका, नंबर सांगा. आमच्या ग्रुपमधल्या काकूंना असा फोन आला होता. त्या म्हणाल्या, ''थांबा हं दादा, वही घेते, कुठल्या पॅनलमध्ये जायचं ते लिहून घेते, आणि मग माझं मी करते.'' पलीकडून फोन कट. पैसे गेलेच कुणाचे तर लगेच १९३० नंबरला फोन करावा हेही वहीत लिहून ठेवलंय सगळ्यांनी.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. तुमच्या पेपरात ज्येष्ठांसाठी आरोग्य येतं, भविष्य येतं, शब्दकोडं येतं. त्यातच आठवड्याला एक चौकट द्या, एकच सेटिंग, मोठ्या टायपात, मराठीत, पण बटनांची नावं स्क्रीनवर जशी दिसतात तशीच ठेवून. 'संचालन पटल' वगैरे नको, ते शोधूनही सापडत नाही. आणि आपल्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० पासूनचं, गल्लोगल्ली ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, बागांमध्ये विरंगुळ्याच्या जागा आहेत, अशा ठिकाणी सीडी ड्राइव्ह असलेला एक जुना कॉम्प्युटर ठेवायला काय हरकत आहे, बहुतेक ऑफिसांच्या माळ्यावर पडलेत धूळ खात. शिकवायला कॉलेजची पोरं मिळतील, हुशार असतात, फक्त त्यांना एक अट घाला, हात खिशात ठेवायचे. पहिल्या दिवशी त्यांना फार जड जातं. माझ्या नातवाला बसवलं होतं एका रविवारी, अकरावीत आहे, तो वीस मिनिटांत घामाघूम, आजोबा मी करून देऊ का, आजोबा मी करून देऊ का. नाही दिलं करू.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

ता. क. एमआरआयवाल्या काकांचं राहिलंच. त्यांनी सीडी स्वतः उघडली, त्यातच फोटो बघायचा छोटा प्रोग्राम असतो तो चालवला, पूर्ण फोल्डर कॉपी करून मुलाला पाठवला. पण नंतर ट्रे बाहेरच येईना, सीडी आत. तर त्या ट्रेच्या पुढच्या पट्टीवर एक बारीक भोक असतं, कॉम्प्युटर बंद करून त्यात कागदाची यू पिन सरळ करून हलकेच दाबली की ट्रे थोडा बाहेर येतो, मग हाताने ओढायचा. पिन त्यांच्याच हातात दिली होती.